बंद बटणाचा झटका

बटण बंद होतं. अहो, खरंच बंद होतं! तरी फिरेना म्हणून उघडलेल्या पंख्याच्या तारेला बोट लागलं आणि आमचे ‘इंजिनिअर’ स्टुलावरून थेट पलंगावर येऊन पडले. हे गृहस्थ नोकरीनं कारकून. पण इमारतीत कुणाचंही बटण बिघडलं की हेच पक्कड घेऊन हजर, म्हणून लोकांनी ही पदवी देऊन टाकलेली.

“तूच बटण दाबलंस!” दंड चोळत ते बायकोवर खेकसले.

“मी? दोन्ही हातांनी तुमचं स्टूल धरलं होतं. पायानं दाबलं का?”

मग संशय आईवर गेला. ती आतल्या खोलीत घोरत होती. इंजिनिअरांनी बटण चालू केलं, पंखा नुसता गुणगुणला. बंद केलं, गप्प झाला. पाच वेळा तेच. मग झटका आला कुठून? बिचाऱ्यांचं डोकंच चालेना.

शेवटी बायकोनं त्यांना न विचारता वायरमनबाईंना बोलावलं. बाईंनी टेस्टर आधी चालू प्लगमध्ये घालून पाहिला. “टेस्टर धड आहे ना, ते आधी बघायचं.” मग पंख्याचं बटण बंद ठेवून तो तारेला लावला. टेस्टर पेटला!

“असं कसं?” इंजिनिअर पुरते गोंधळले.

“हे बटण कुणी बसवलं?”

“मीच! गेल्या वर्षी.”

“चुकीच्या तारेवर बसवलंत, काका. वीज येते त्या तारेवर बटण हवं. तुम्ही परतीच्या तारेवर घातलंत. पंखा थांबतो, पण वीज आत उभीच असते.”

“पण वर्षभर छान चालला की!”

“चालतोय म्हणजे बरोबर आहे, असं थोडंच असतं? आणखी कुठं बसवलीत?”

ते बोटांवर मोजू लागले आणि पहिल्याच बोटावर थांबले. खालच्या मजल्यावरची धाकटी बहीण! सकाळीच ती म्हणाली होती, “दादा, पंख्याचा कॅपॅसिटर आज मीच बदलते.” आणि हे म्हणाले होते, “बटण बंद कर आणि बिनधास्त हात घाल!”

ते अनवाणीच जिन्यावरून धावले. “अगं, हात लावू नकोस!”

बहीण टेबलावर उभी होती. पंख्याची वाटी खाली सरकवलेली, हातात स्क्रू ड्रायव्हर. “ओरडतोस काय, दादा? बटण बंद आहे!”

त्यांनी दाराजवळचा मेन स्विच खाडकन खाली ओढला आणि तिथंच फरशीवर बसले. “ते बटण मी चुकीचं बसवलंय गं,” ते म्हणाले आणि रडूच लागले.

मागोमाग आलेल्या बाईंनी टेस्टर लावून खात्री केली. कॅपॅसिटरमध्ये उरलेली वीज उतरवली, मगच तारा सोडल्या. त्या काही रागावल्या नाहीत. “चूक कुणाकडूनही होते, काका. पण न शिकता दुसऱ्याच्या घरातल्या विजेला हात घालायचा, ही चूक नाही. हा जिवाशी खेळ आहे.”

मंडळी, आपल्याही घरी असा एखादा इंजिनिअर असतोच. कधी कधी तो आपणच असतो. पंखा उघडण्याआधी मेन बंद करा, घरातल्या सगळ्यांना सांगा, टेस्टरनं तपासा. आणि येत नसेल तर जाणकाराला बोलवा! त्यात कसली आलीय लाज?

त्याच दुपारी, जिथं जिथं बटणं बसवली होती त्या आठही घरी ते बाईंना घेऊन गेले. “मी बसवलेलं बटण चुकलंय, मेन बंद करा,” असं प्रत्येक दारात सांगितलं.

“इंजिनिअर, तुमची चूक?” एक शेजारी हसला.

“मी कारकून आहे,” ते म्हणाले. “बाईंना आत येऊ द्या.”