हळदीचा हात

विजयमालेने प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूच्या तोंडावर तळवा ठेवला, ताकाचा तांब्या घुसळावा तसा तो गदागदा हलवला, आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. आत मोजलेलं आम्ल होतं, रंग बदलून दाखवणाऱ्या औषधाचे थेंब होते, आणि हाताला हळद.

सांगलीत गोदामात पहाटेपासून हळकुंडं निवडणारी बाई ती. हात कितीही धुतला तरी पिवळाच. त्यात आज ट्रक उशिरा आला, साबण लावायलाही सवड मिळाली नाही. छत्तिसाव्या वर्षी बी.एस्सी.ला बसलेली विजयमाला वर्गात हात पदराखाली ठेवायची. पोरी हसतात ना! डोकं मात्र तल्लख, म्हणून रसायनशास्त्राच्या वरच्या तुकडीत होती. ती तुकडी दुपारची. आजचं प्रात्यक्षिक बिघडलं की साध्या तुकडीत रवानगी, आणि ती भरते सकाळी, गोदामाच्या वेळेला. गोदाम सोडून चालणार नव्हतं. म्हणजे कॉलेज सुटलंच.

तिने ब्युरेटच्या तोटीवाल्या काचनळीतून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडला. रंग बदलला, पण हवा तसा फिकट गुलाबी नाही. चांगला कुंकवासारखा तांबडा. तिने तोटी बंद केली.

"काकी, वतून टाका," शेजारची प्रांजल कुजबुजली. "सर तिकडं बघत्यात."

विजयमालेला मोह झाला, खोटं कशाला बोला. पण तिने हाक मारली, "सर, माझ्या हाताची हळद पडली ह्यात."

माने सर आले. "मग आकडा चुकला म्हणायचा?"

"न्हाई सर." तिचं तिलाच नवल वाटलं. "हळदीत चुना घातला की कुंकू हुतं, लहानपणापास्नं बघतोय आमी. सोडा बी चुन्यासारखाच. आम्ल हाय तवर हळद पिवळी, ते संपून सोडा थेंबभर जादा झाला की तांबडी. तुमचं गुलाबी औषध बी त्याच थेंबाला बदलतंय."

सर हसले नाहीत. "हात धुऊन परत करा."

दुसऱ्या खेपेला फिकट गुलाबी रंग आला. सोडा लागला वीस पूर्णांक तीन दशांश मिलिलिटर. आधीचा आकडाही तोच. विजयमाला स्टुलावर बसली. छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेला होता.

"उद्या हळकुंड घेऊन या," सर म्हणाले. "तुकडीला दाखवू."

"कुठल्या तुकडीला, सर?"

"तुमच्याच की. दुपारच्या."

प्रांजल तिच्या हातांकडे बघत होती. ते दोन्ही हात टेबलावर तसेच पडले होते, धुतलेले, तरी पिवळे. विजयमालेला पदराची आठवणच झाली नाही.