चांदबीच्या फ्राकचं माप

"स्वप्नं पडत नाहीत, ही काय तक्रार झाली?" डॉक्टर म्हणाले आन् हसले. हसले तेबी माझ्याकडं बघून न्हाई, माझ्या नवऱ्याकडं बघून. मी म्हंजी जणू खुर्चीवर ठेवलेली पिशवी.

मी खुर्शिद. दौंडात बाजाराच्या मागं आमचं शिलाईचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं आम्ही. माझे मालक, मेहमूद, मोठ्यांचे कपडे शिवायचे, मी लेकरांचे. धाकटा इनुस झाला आन् मला फिट यायला लागली. पहिली आली ती भाकरी थापताना. तोंड परातीत, आन् दाताखाली जीभ. तवा ह्या डॉक्टरनं पांढरी बारकी गोळी लिहून दिली, सकाळ-दुपार-रात्र. किती दिवस घ्यायची म्हणून इचारलं तर म्हणाले, "मी सांगेन तोवर." हे कशानं होतं म्हणून इचारलं तर म्हणाले, "तुला सांगून काय कळणार?" पण खोटं कशाला बोलू, फिट थांबली. गोळीनं तिचं काम केलं.

नुसतं तेवढंच केलं असतं तर माझी काय हरकत नव्हती. मेलीनं माझी स्वप्नंबी बंद केली.

आता तुम्हीबी हसाल. हसा, पण आधी ऐकून तर घ्या.

चांदबी माझी थोरली. दुष्काळाच्या साली गोवरात गेली. बोबडं बोलायची, आन् फ्राकला खिसा पाहिजे म्हणून हटून बसायची. खिशात काय, तर चिंचोके. तिचा एक फोटो आमच्याकडं न्हाई. पण ती यायची. उजाडायच्या वक्ताला झोप जरा पातळ झाली की यायची. आन् काय सांगू, ती वाढत होती. एकदा आली तर पुढचा दात पडलेला. एकदा आली तर केस पार खांद्याखाली, वेणी कुणी घातली म्हणून मी इचारलं तर सांगंना. माझ्या डोळ्यादेखत मोठी होत होती पोर. दिवसा घरात नसायची, एवढंच.

ईद आली की लेकराला नवा कपडा लागतो. मग माझ्या लेकराला का नको? दर रमजानात मी स्वप्नात तिचं माप घ्यायची आन् उठून फ्राक बेतायची. स्वप्नात मापाची पट्टी काय कामाची नसायची, तिच्यावरचे आकडे पाण्यात पडल्यागत हलायचे. म्हणून मी वितीनं मापायची. खांद्यापासनं गुडघ्यापर्यंत विती टाकत जायची, वर उरलेली बोटं धरायची. काखेखालनं हात गेला की तिला गुदगुल्या व्हायच्या, ती हसत सुटायची. जाग आली की हात तसाच ताणून धरायची आन् उठून कापडावर खडूची खूण करायची. मालक सगळं बघायचे. रमजान लागला की ठाणातला एक तुकडा माझ्या मशीनवर आणून ठेवायचे. शिवलेला फ्राक पेटीत जायचा. अशी पेटी भरत चालली होती, मागच्यापेक्षा पुढचा मोठा.

आन् आता ही गोळी. घेतली की मी दगडागत तळाला जायची, तिथं ना उजेड, ना कोण माणूस. रमजान तोंडावर आला. मालकांनी पिवळं, बारक्या फुलांचं कापड ठेवलं, आन् माझ्याकडं माप न्हाई. पोर तिथं उभी असंल, अम्मा का येईना म्हणून बघत असंल, ह्यानं माझा जीव टांगणीला लागला.

म्हणून त्या दिवशी डॉक्टरकडं गेलो होतो. मी म्हणाले, "साहेब, एखादी गोळी कमी करा. रोजेबी धरायचे हायेत."

डॉक्टर मालकांना म्हणाले, "रोजे-बिजे यंदा नकोत. गोळी चालू ठेवायची."

"बंद केली तर काय हुईल?" मी इचारलं.

"बंद करायची नाही म्हटलं ना."

"पण का?"

तवा कुठं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "डॉक्टर तू की मी?" म्हणाले आन् टेबलावरची घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आलाबी.

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. वाटेत मालक म्हणाले, "जाऊ दे. शिकलेला माणूस हाय, कायतरी असंल म्हणून सांगत असंल."

"असंल तर सांगावं की," मी म्हणाले. "तोंडाला काय कुलूप लावलंय?"

मी रोजे धरले. आजारी माणसाला माफ असतंय म्हणून मालकांनी समजावलं, मी ऐकलं न्हाई. दुपारची गोळी रोज्यामुळं आपोआप गेली. पहाटं सहरीच्या जेवणानंतरची मी जिभेखाली धरायची आन् मोरीत थुंकायची, आन् मग सांजची इफ्तारचीबी तशीच. फिट येत न्हाई, मग गोळी कशाला, असं माझं डोकं चाललं. ही गोळी एकदम सोडली की दबून बसलेली फिट दुप्पट जोरानं उसळती, एवढं एक वाक्य त्या माणसानं बोलायचं होतं. घंटी वाजवायला जेवढा वेळ लागतो, त्यात बोलून झालं असतं.

आन् स्वप्नं आली. पहिल्यासारखी पातळ न्हाई, भरभरून आली, भीमेला पाणी यावं तशी. सहरी उरकून पाठ टेकली की मी थेट स्टेशनच्या पुलावर असायची. पुलाखाली इंजिनं उभी, त्यांची पांढरी वाफ वर यायची आन् सगळं दौंड त्यात बुडून जायचं. घरं न्हाईत, बाजार न्हाई, नुसती वाफ आन् तिच्यात कुठंतरी कुणीतरी चिंचोके खुळखुळवतंय. मी आवाजाच्या मागं जायची. पायऱ्या संपतच न्हाईत. भिऊ वाटायचं न्हाई पण, उलट असं वाटायचं की ह्या पायऱ्या अशाच राहाव्यात, कारण खाली कोण हाय ते मला ठाऊक होतं.

एका पहाटं ती शेवटच्या पायरीवर बसलेली दिसली. पाय हलवत होती. मी म्हणाले, "रागावलीस?" ती मान हलवून न्हाई म्हणाली. मग आपणहून उभी राहिली आन् हात वर केले, माप घ्यायला. मी विती टाकल्या. खांदा, छाती, बाही. काखेखाली बोटं गेली तशी खुदखुदली. तिच्या केसांना वाफेचा ओला वास होता. मी म्हणाले, "यंदा पिवळा शिवते." ती म्हणाली, "खिसा." मी म्हणाले, "ठेवते गं बाई, ठेवते."

जाग आली तवा माझी वीत तशीच ताणलेली होती. तशीच उठले आन् पिवळं कापड बेतलं. एवढी खूश मी कितीक दिवसांत झाले नव्हते. फ्राक शिवून झाला, खिसा लावला, आन् दुपारी इस्त्रीत कोळसे भरले. इनुस खाली गोधडीवर खेळत होता. मालक नमाजाला गेले होते. मी झालरीवरनं इस्त्री फिरवली, आन् खिडकीतनं पांढरी वाफ आत आल्यासारखी वाटली. मी मनात म्हणाले, आत्ता, दिवसाउजेडी? ये की मग.

पुढचं मला ठाऊक न्हाई.

डोळं उघडलं तवा नाकाला कांदा लावलेला आन् डोकं सोजरबाईच्या मांडीवर. सोजरबाई आमच्या शेजारच्या. त्या बौद्धाच्या, आम्ही मुसलमान, मधली भिंत एकच. इस्त्री पडल्याचा आवाज भिंतीपलीकडं गेला आन् त्या धावत आल्या होत्या. "पडून राहा, खुर्शिदभाभी," त्या म्हणाल्या. इस्त्री जमिनीवर आडवी, कोळसे फाकलेले. पिवळ्या फ्राकला घेरापाशी मोठं भोक पडलेलं. आन् इनुसच्या गोधडीचा काठ जळून काळा झालेला.

इनुस कुठं हाय, हे मला इचारताच येईना, जीभ जड झालेली. सोजरबाईंनी ओळखलं आन् दाराकडं बोट केलं. दारात त्यांची ललिता उभी होती आन् इनुस तिच्या कमरेवर. तिनंच त्याला उचललं होतं. सोजरबाईंच्या आधी पोहोचली ती पोर. इनुस तिचा कान ओढत होता, त्याला कशाचंच काय नव्हतं. मी पडल्या जागी हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी मालक मला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनं ऐकलं आन् लगेच म्हणाले, "गोळी सोडली असणार. तुम्ही लोक सांगितलेलं ऐकत नाही."

"तुम्ही सांगितलं काय होतं?" मी म्हणाले. मालकांनी माझा पदर ओढला. मी पदर सोडवून घेतला.

"बंद करू नका म्हणालो होतो."

"का ते न्हाई सांगितलं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"ठाऊक न्हाई," मी म्हणाले. "पण सांगितल्यावर माझं लेकरू भाजलं असतं तर चूक माझी एकटीची असती. आता ती निम्मी तुमची हाय."

डॉक्टरनं कागद पुढं ओढला. त्यांनी तीच गोळी तशीच लिहिली, सकाळ-दुपार-रात्र. घंटीबी वाजवली, पण ह्यावेळी जरा थांबून. मी कागद उचलला. मला गोळी घ्यायचीच होती. ती जळकी गोधडी बघितल्यावर मला त्यांनी सांगायची गरज उरली नव्हती.

घरी आलो तर ललिता इनुसला घेऊन उंबऱ्यावर बसलेली. ही आन् माझी चांदबी एकाच महिन्यातल्या. सोजरबाईंना आन् मला एकाच चिंचेचे डोहाळे लागले होते. चांदबी गेली त्याच्यानंतर मी ह्या पोरीकडं धड बघितलेलं नव्हतं. तिचे कपडे शिवायला आले तरी मापाला मालकांना पुढं करायची, आपण आत कायतरी काम काढायची. शेजारी राहून इतकी वर्सं मी भिंतीकडंच बघत आले.

"ललिता, इकडं ये गं," मी म्हणाले.

ती आली. मी तो जळका पिवळा फ्राक घेतला आन् तिच्या खांद्याला लावला. फ्राक मांडीवरच थांबला, गुडघा कितीतरी खाली राहिला. बाही घालून बघितली, ती कोपराच्या वर जाईना. मला वाटलं, माझंच चुकतंय. फ्राक ठेवला आन् विती टाकल्या. स्वप्नातल्या विती कवाच संपल्या आन् पोरगी अजून पुढं होती. मी पेटी उघडली, सगळे फ्राक काढले. तिच्यापुढं सगळेच बाहुलीचे.

मला वाटायचं पोर वाढतीय. वाढत होती, पण माझ्या जिवाला झेपंल तेवढीच. माझी चांदबी एवढी उंच झाली असती, एवढ्या लांब हातापायांची, आन् तिच्या आईला पत्ताच न्हाई. मी त्या पोरीला धरून रडले. ती बिचारी घाबरून म्हणाली, "मावशी, पुन्हा येतीया का फिट?"

"न्हाई गं," मी म्हणाले. "हात वर कर."

पट्टी घेतली. आकडे जागच्या जागी होते. काखेखालनं पट्टी नेली तशी ललिता अंग चोरून हसायला लागली, आन् माझा हात क्षणभर तिथंच राहिला. मालक दुकानाच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी आत जाऊन पिवळ्याचं उरलेलं कापड आणलं आन् माझ्या मशीनवर ठेवलं.

"मावशी, खिसा ठेवा," ललिता म्हणाली.

"एक का दोन?"

"दोन."

दुपारची गोळी मी तिच्यापुढंच पाण्याबरोबर गिळली. ईदेला ललिता तो फ्राक घालून गल्लीभर हिंडली, शिरखुर्मा प्यायला तीनदा आली. रात्री गोळी घेऊन मी पडले आन् स्वप्न पडलं न्हाई. पुढच्या ईदेचं माप आता शेजारी जाऊन घ्यायचं होतं.