टाकीच्या झाकणावरचा आकडा

पेट्रोल पंपामागच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक लाल स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या टाकीपाशी पांढऱ्या कोटातला थेंबबाबा, हातात अत्तराच्या कुपीएवढी बाटली घेऊन.

"पेट्रोल मेलेलं असतं," तो सांगत होता. "मी त्यात प्राण घालतो. मग गेलेलं माणूस इंजिनातून हाक मारतं. अट एकच, टाकीत साधंच पेट्रोल हवं. महागाच्या पेट्रोलात अहंकार असतो. आत्मा तिथे टिकत नाही."

इतकी वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते, पण पेट्रोलला अहंकार असतो हे मला नवीनच होतं. हसू येणारच होतं, पण शेजारी आई हात जोडून उभी होती.

गाडी माझ्या दादाची. भंगारातून आणून त्याने ती गॅरेजमध्ये स्वतः जुळवली, इंजिन जास्त दाबाचं केलं आणि टाकीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'फक्त ९८'. गेल्या वर्षी तो आजारात गेला. तेव्हापासून दर रविवारी आमचे वडील, आप्पा, गाडी सुरू करायचे आणि आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून ऐकायची. इंजिन बंद झालं की खिडकी लावून घ्यायची.

अटीप्रमाणे आप्पांनी टाकीत साधंच पेट्रोल भरलं होतं; बाबाने त्यात थेंब सोडले. आप्पांनी आईला शेजारी बसवलं आणि बाबाने सांगितल्याप्रमाणे मागच्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगात पण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी चढवली. आतून आवाज आला, ठकठक, ठकठक. लोकांनी हात जोडले.

आई खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळला होता. "तो असंच दार वाजवायचा गं," ती म्हणाली.

मग रोज संध्याकाळी तोच चढ. "अजून दाबा ना, नीट ऐकू येत नाही," ती आप्पांना म्हणायची. ठकठक वाढली की ती डॅशबोर्डवर हात ठेवून सांगायची, तुझा स्वेटर धुऊन ठेवलाय, काळजी करू नकोस.

शेवटी जेवताना मी बोललेच. "आई, झाकणावरचा ९८ हा ऑक्टेनचा आकडा, म्हणजे पेट्रोलची दाब सोसायची ताकद. दादाच्या इंजिनात दाब जास्त आहे, साध्या पेट्रोलला तो सोसत नाही. ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप पेटतं आणि आतून दणका बसतो. चढावर, वरच्या गिअरमध्ये इंजिनावर जोर येतो, म्हणून तिथेच ऐकू येतं. त्या दणक्यांनी इंजिन खलास होईल."

"तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव," आई म्हणाली. "मला माझा मुलगा पुरे."

आप्पा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये मी टाकी रिकामी करायला घेतली, तर तेच येऊन मदतीला नळी धरून उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. गावाबाहेरच्या पंपावरून आम्ही अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल आणलं.

संध्याकाळी बाबाने पुन्हा थेंब टाकले. तोच चढ, तोच गिअर. इंजिन एका सुरात चढ चढून गेलं. आई कान देऊन बसली होती.

"आज रुसलाय," बाबा म्हणाला. "टाकीत काहीतरी अशुद्ध गेलंय."

"दादाने लिहून ठेवलं होतं तेच पेट्रोल गेलंय," मी म्हणाले.

गर्दीत दातांचे डॉक्टर होते. त्यांची गाडीही जुनी, जास्त दाबाच्या इंजिनाची, आणि टाकी जवळजवळ रिकामी. माझ्या सांगण्यावरून त्यांनी साधं पेट्रोल भरलं. थेंब नाही, मंत्र नाही. मी शेजारी बसले आणि त्यांनी गाडी त्याच चढावर, चौथ्या गिअरमध्ये घेतली. ठकठक, ठकठक.

"यांच्या घरात कोणी गेलेलं नाही," मी लोकांना म्हणाले. "मग ही हाक कोणाची?"

बाबा बाटल्या पिशवीत कोंबत होता. एक मी नाकाशी नेली. रंगवलेलं तेल आणि गुलाबाचा वास. सगळी करामत त्याच्या अटीत होती, थेंबांत काहीच नव्हतं.

मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. एकदा आजाराने दादाला आईकडून नेलं, दुसऱ्यांदा मी नेलं, असंच वाटलं.

मेकॅनिकने इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनच्या कडा खरवडल्यासारख्या झाल्या होत्या. एक तर तुटायलाच आला होता. माणूस गेलं की आपला कान कशातही त्याचा आवाज शोधतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कोणी तो आवाज ऐकवायला अट घालू लागला, तर ती अट मोडून पाहा. आवाज आपल्या माणसाचा आहे की अटीचा, ते तिथेच कळतं.

आई बराच वेळ टाकीच्या झाकणापाशी उभी होती. तिने त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"तो खरोखर सांगून गेला होता ते एवढंच," ती म्हणाली, "आणि तेवढं मी ऐकलं नाही."