विहिरीपुढची गोष्ट

मोमिनपुऱ्यात कनीजबीच्या ओसरीवर दर शुक्रवारी दुपारी बायका जमत. हात सुताच्या कांड्या भरत आणि कान नबी-पैगंबरांच्या गोष्टी ऐकत. कनीजबी स्वतः हातमागावर साड्या विणायची आणि गोष्टही तशीच सांगायची, अगदी काठापदरासकट. गोष्ट संपली की शिकवण कोणाच्या तरी गळ्यात पडायचीच. सुलेमान नबींच्या गोष्टीतल्या मुंगीनं आपल्या बहिणींना वेळेवर सावध केलं, एवढं सांगून झालं की कनीजबीची नजर सुनेकडे वळे. सकाळी दूध उतू गेलं तेव्हा हिचं तोंड कुठे गेलं होतं? अय्यूब नबींचा सबर, म्हणजे सोशिकपणा, गल्लीतल्या एका कुरकुऱ्या म्हातारीच्या वाट्याला आला होता. खुद्द कनीजबीच्या वाट्याला आजवर एकही शिकवण आली नव्हती आणि त्याबद्दल तिची काही तक्रारही नव्हती.

युसूफ नबींची गोष्ट मात्र ती विहिरीपर्यंतच सांगे. भावांनी युसूफला विहिरीत टाकलं की तिचा आवाज चढायचा. "सख्खे भाऊ! आमच्या वहाबभाईसारखे!" मग युसूफ तिथेच राही आणि वहाबभाईचं पुराण सुरू होई.

शेजारच्या यमुताई कोष्टिणीला ते तोंडपाठ होतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा कनीज त्यांच्या मागावर जाऊन बसली. तोवर त्या घरच्या बाया फक्त कांड्या भरत. साडी निम्मी विणून झाली आणि थोरला वहाब कामठीहून आला. आमच्या घरची पोरगी मागावर बसणार नाही, असं चारचौघांसमोर म्हणाला आणि कात्रीनं मागावरचे उभे धागे, सगळा ताणा, कापून मोकळा झाला. विणकर रागाच्या भरात जेवणाचं ताट भिरकावील, पण मागावर चढलेल्या ताण्याला कोणी कात्री लावत नाही. त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं तुटलं. वडील गेले, पुढे नवराही गेला. कनीजबीनं मागावरच संसार ओढला.

आणि चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात कामठीहून निरोप आला. वहाबभाई येत्या जुम्म्याला येतो आहे, लेकीला, शमशादला घेऊन. त्याचे हात आता थरथरतात, मुलगा नाही. शमशादला माग शिकायचा आहे आणि पोरीला शिकवील अशी बाई अख्ख्या बिरादरीत एकच.

"येऊ दे त्याले!" कनीजबीला आनंदच झाला. "पोरीसमोर ऐकवीन. एकूण एक ऐकवीन. तिलेही समजू दे, बाप काय चीज आहे ते."

"ऐकव ना," यमुताई म्हणाली. "पण मले एक सांग वं, तो युसूफ विहिरीतून निंघाला का नाही? इतके वर्ष झाले, तू त्याले वरच नाही काढलं."

बायका खो खो हसल्या. कनीजबी वैतागली. "निंघाला. मिसर देशात गेला, कैदेत पडला, मंग मोठा अधिकारी झाला. दुष्काळात तेच भाऊ त्याच्याकडे दाणे मागाले आले."

"मंग यानं काय ऐकवलं त्याहिले?"

कनीजबीचे हात थांबले. "म्हणाला, आज तुमच्यावर काही ठपका नाही." मग जरा खालच्या आवाजात, "आईबाप भेटले तेव्हा म्हणाला, अल्लानं मले कैदेतून सोडवलं. विहिरीचं नाव नाही घेतलं. भाऊ समोरच उभे होते ना."

"अस्सं," यमुताई म्हणाली आणि तिनं दुसरी कांडी लावली.

कनीजबीचा तो आठवडा वाईट गेला. आपण इतरांना वाटून दिलेल्या शिकवणी कशा टोचत असतील, हे तिला पहिल्यांदाच कळलं. ऐकवलं नाही तर जन्मभराची आग पोटातच राहणार. ऐकवलं तर पोरगी बापाच्या नजरेला नजर देणार नाही, आणि वहाबभाई तिला घेऊन आल्या पावली परत जाईल.

शुक्रवारी वहाबभाई आला. कनीजबीनं मनात ताठ मानेचा भाऊ धरून ठेवला होता. आला तो वाकलेला म्हातारा. बहीणभाऊ आपसात हिंदीतच बोलायचे, आपण ते मराठीत ऐकू. चहाचा कप त्याच्या हातात खडखडत होता. यमुताई बिनबोलावता हजर होती. शमशादचं लक्ष चहाकडे नव्हतंच, ती मागाभोवती फिरत होती.

"फुप्पी, तुम्ही पहिली साडी कोणती विणली?" तिनं आत्याला विचारलं.

वहाबभाईनं कप ठेवला आणि मान खाली घातली. सगळं भाषण कनीजबीच्या जिभेच्या टोकावर आलं. यमुताईनं तर डोळेच मिटून घेतले.

"हिरवी होती," कनीजबी म्हणाली. "ती पुरी नाही झाली. नंतरची झाली, ती दाखवते तुला."

"पुरी का नाही झाली?"

"राहून गेली, बेटा."

"राहून नाही गेली," वहाबभाई म्हणाला. "मी कापली, शम्मो. ती विणत होती आणि मी कात्री लावली. लोकांना सांगितलं की घराची अब्रू. अब्रू कसली? तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. अब्बांनी तसं म्हटलं होतं, ते मला सोसलं नाही."

कनीजबी बघतच राहिली. अब्बा असं म्हणाले होते! हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं ती बोलत राहिली आणि हे ऐकायला मिळालं ते गप्प बसल्यावर. तिला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, फार बरं वाटलं.

"बस झालं, भाईजान," ती डोळे पुसत म्हणाली. "आज तुमच्यावर त्याचा काही ठपका नाही. जेवून जायचं आहे तुम्हाला."

मग तिनं शमशादला मागावर बसवलं, पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडायला लावले आणि आडवं सूत नेणारा धोटा तिच्या हातात दिला. पोरीनं तो असा फेकला की तो थेट यमुताईच्या पायाशी जाऊन पडला.

"हलक्या हातानं!" बहीण आणि भाऊ एकदमच ओरडले, अगदी अब्बांच्या आवाजात.