हिरेमठांचा धरलेला खांदा

संगप्पा हिरेमठ सोलापूरच्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. साहेबाच्या रिकाम्या खुर्चीसमोरूनही वाकून जाणारा माणूस. एकोणीसशे एकतीस सालच्या थंडीत त्यांचा उजवा खांदा धरला. आधी नुसता ठणकायचा, मग हात छातीच्या वर जाईना. कोटाची बाही चढवायला आणि डोक्याला रुमाल बांधायला बायको, दाक्षायणी, लागू लागली.

त्यातच इंग्रज बडे साहेब कचेरी बघायला आले. ओळीतले सगळे हात कपाळाला गेले, संगप्पांचा छातीशीच अडकला. जोर लावला तशी कळ निघाली आणि चेहरा असा ताठ झाला, की साहेबांना तो उद्धटपणा वाटला.

संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी पसरली की हिरेमठांनी सलाम नाकारला. शेजारचे कापडवाले कल्लप्पा झेंडूचा हार घेऊन घरी आले.

"अहो, माझा खांदा..." संगप्पा सांगू लागले.

"देशाचा भार हाय की त्याच्यावर," म्हणत कल्लप्पांनी हार घातला. हार चांगला जाड होता. संगप्पांनी पुढचं वाक्य गिळलं.

कचेरीत मात्र जाब विचारताच त्यांनी डॉक्टरचा दाखला पुढे केला. तेव्हापासून ते कचेरीत रोगी आणि कचेरी सुटल्यावर देशभक्त झाले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मोडलंबिडलं नाही, सांधा आखडलाय. शेकायचं आणि सोसेल तेवढा हात हलवायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. वर्षसुद्धा लागेल. फक्त हात बांधून ठेवू नका."

पण कल्लप्पांनी हात अडकवायला खादीची झोळी शिवून आणली. "लोकांना दिसाय पायजे की." ती गळ्यात अडकवून संगप्पा रोज फिरायला निघत. लोक वाट देत. हॉटेलात न मागता चहा येई. "लाठी लागली का?" असं कुणी विचारलं, तर ते हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत, फक्त उसासा टाकत. महिनाभरात छातीपर्यंत जाणारा हात पोटाशीच थांबू लागला.

एके सकाळी दाक्षायणीने झोळी उतरवून घेतली.

"खांदा बरा करायचाय का पुढारी व्हायचंय? दोन्ही जमायचं न्हाय."

त्या खादीत तिने दही बांधून टांगलं आणि नवऱ्याला भिंतीपुढे उभं केलं. संगप्पा कण्हत. ती म्हणे, "कण्हा खुशाल, बोटं खाली आणू नका."

पुढच्या दिवाळीपर्यंत बोटं कानाच्या वर पोचली. एकदा ती अशीच वर असताना कल्लप्पा संगप्पांच्याच सत्काराच्या सभेचं आमंत्रण घेऊन आत आले आणि बघतच राहिले.

"हात वर जातोय की तुमचा."

"हो. बरा झाला," संगप्पा ओशाळून म्हणाले.

कल्लप्पांनी हळूच दार लोटलं. "सभेपर्यंत तेवढा खाली ठेवा. मांडव घातलाय."

संगप्पांच्या मनात आलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तेवढ्यात दाक्षायणी म्हणाली, "ठेवतील की. मीबी येते सभेला. कुणी विचारलं तर काय झालं हुतं ते सांगते."

कल्लप्पांनी चहा अर्धाच घेतला. सत्कार एका वकिलाचा झाला. संगप्पा दोन दिवस फिरायला निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दाक्षायणीने त्यांच्यापुढे घागर आणि दोर ठेवला. खांदा पुन्हा धरू नये म्हणून आडाचं पाणी आता त्यांनीच शेंदायचं होतं.