थेंब बुडाला, रक्त वाढलं!

"बुडाला! बुडाला!" असा ओरडा झाला की जिन्यावर ताटकळणाऱ्या बायकासुद्धा टाळ्या पिटायच्या. एरवी कुणी बुडालं की लोक रडतात; इथे सगळा आनंदीआनंद. कारण बुडायचा तो रक्ताचा थेंब, आणि थेंब बुडाला म्हणजे पोटुशीच्या रक्ताला वजन आलं, असं थेंबबाबांचं शास्त्र होतं.

दर बुधवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल गच्च भरायचा. टेबलावर काचेच्या दोन बरण्या, दोन्हींत अर्ध्यापर्यंत निळंशार पाणी. डावी परीक्षेची, उजवी कृपेची. नवी बाई आली की बाबा तिच्या बोटाला सुई टोचायचे आणि थेंब डाव्या बरणीत सोडायचे. थेंब जरासा आत जायचा, घुटमळायचा आणि लाल मण्यासारखा वर येऊन तरंगत राहायचा.

"हलकं! पिसासारखं हलकं!" बाबा डोळे मिटून कळवळायचे. "दवाखान्याच्या लोहाच्या गोळ्या खातेस ना, मुली? अगं, लोखंड पोटात गेलं की गंजतं. गंज पोकळ. पोकळ वस्तू तरंगणारच! आजपासून गोळ्या बंद. हे त्रिधातू भस्म घे. तांबं, जस्त आणि लोह, तिन्ही सूर्यकिरणांत शिजवलेली, म्हणून गंजायची भीती नाही. तीन बुधवारांत रक्त वजन धरेल."

धातू शिजायला किती शिट्ट्या लागतात, हे बाबांना कुणी विचारलं नाही. तीन बुधवारांनी तीच बाई यायची, तिचा थेंब उजव्या बरणीत पडायचा आणि सरळ तळ गाठायचा. टाळ्या!

मावशीनेही अशाच टाळ्या पिटल्या होत्या, आपल्या सुनेच्या थेंबासाठी. मावशी लोणच्याच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या टाक्या सांभाळायची. बावीस वर्षं तेच काम, त्यामुळे कारखान्यातले सगळे तिला मावशीच म्हणत. सुनेला सातवा लागला होता. आधीचं बाळ पोटातच गेलेलं, म्हणून या खेपेला घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला होता. दवाखान्यात हिमोग्लोबिन आठ पॉइंट आठ निघालं, नर्सने गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी सुनेला मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं. बाबांनी गंजाचं नाव काढलं आणि मावशीला लगेच पटलं. काळं म्हणजे गंजच की! घरी येऊन तिने गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली.

"आई, काळं होतंच, असं नर्स म्हणाल्या होत्या," सून चाचरत म्हणाली.

"नर्सचं काय जातंय बोलायला? मी काय तुझ्या बाळाचं वाईट चिंतीन?"

सून रोज भस्म खायला लागली. तिसऱ्या बुधवारी थेंब बुडाला, मावशी घरभर नाचली. सून मात्र दिवसेंदिवस पांढरी पडत गेली. जिना चढताना मध्येच बसायला लागली.

"थेंब बुडालाय ना? मग आता कसली काळजी?" मावशी म्हणायची. स्वतःलाच समजावत असावी.

पुढच्या सोमवारी सून जिन्यातच कोसळली. दवाखान्यात तपासलं, तर हिमोग्लोबिन सहा पॉइंट नऊ.

डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "गोळ्या नीट घेत होतीस ना?"

सुनेने क्षणभर सासूकडे पाहिलं. "हो, रोज," ती म्हणाली.

मावशी तिथेच उभी होती. खरं सांगायला तिचं तोंड उघडलंच नाही. गोळ्या घेऊनही रक्त घसरतंय म्हटल्यावर डॉक्टरीणबाई दुसराच आजार शोधायला लागल्या आणि चाचण्यांवर चाचण्या सुरू झाल्या.

मंगळवारी मावशी कामावर गेली, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. सवयीने तिने नव्या टाकीत अंडं सोडलं. मिठाचं पाणी पुरेसं दाट झालंय का, हे ती रोज असंच बघायची. दाट पाण्यात अंडं तरंगतं, पातळ पाण्यात तळाला जातं. आज ते तळाला गेलं.

"मीठ कमी पडलंय गं, अजून दोन घमेली टाक," ती मदतनीस बाईला म्हणाली आणि बोलता बोलता थबकली. अंडं बुडालं की आपण मीठ कमी म्हणतो. अंड्याचं वजन वाढलं, असं बावीस वर्षांत एकदा तरी म्हटलं का? आणि थेंब बुडाला तेव्हा रक्त वाढलं म्हणून टाळ्या पिटल्या! बरण्या दोन कशाला होत्या? एकाच बरणीत दोन्ही वेळा का नाही बघितलं?

एप्रन न काढता ती तडक दवाखान्यात गेली आणि डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहून म्हणाली, "ती खोटं बोलली. गोळ्या मी फेकल्या." चाचण्या थांबल्या आणि सुनेला लोहाची सलाइन लागली. मावशीने निळ्या पाण्याची हकीकत सांगितली, तेव्हा लॅबमधली बाई म्हणाली, "ते मोरचूद असणार, तांब्याचे निळे खडे असतात ना, ते. थेंबाची अशी तपासणी रक्तदानाच्या वेळी खरंच करायचे, मावशी. पण त्या पाण्याचा दाटपणा मोजून ठरवलेला असतो."

बुधवारी मावशी हॉलमध्ये सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. हातात नवी सुई आणि साध्या पाण्याची बाटली.

"बाबा, माझा थेंब बघा."

"तुला कशाला, माई? या वयात काय पाळणा हलवतेस?" बाबा हसले, हॉल हसला.

मावशीने बोट टोचलं आणि उजव्या बरणीवर धरलं. थेंब पडला, बुडाला.

"बघा गं, मी भस्माची चिमूटसुद्धा खाल्लेली नाही." तिने बोट दाबून दुसरा थेंब डाव्या बरणीत सोडला. तो वर येऊन तरंगला. "बोट एकच, रक्त एकच. एवढ्यात हलकं झालं?"

"अश्रद्धेने जल नाराज होतं!" बाबा गरजले.

"मग त्याची समजूत काढू." तिने बाटलीतलं पाणी डाव्या बरणीत काठोकाठ ओतलं. दारात पैसे गोळा करणारा बाबांचा मेहुणा धावून आला, तर पुढच्या दोन बायकांनीच त्याला मागे ओढलं. मावशीने पाणी ढवळलं, ते शांत होऊ दिलं आणि तिसरा थेंब सोडला.

थेंब सरळ तळाला गेला. या वेळी टाळी वाजली नाही.

"हे मोरचुदाचं पाणी आहे. डावीकडे दाट, उजवीकडे पातळ. यात तुमचं रक्त कुणी मोजलंच नाही. जल नाराजबिराज काही नाही, मी फक्त त्यात साधं पाणी घातलं." मावशी बायकांकडे वळली. "माझ्या सुनेचा थेंब इथेच बुडाला होता. आज ती दवाखान्यात पडून आहे. गोळ्या मी फेकल्या, आणि पोरगी डॉक्टरांशी खोटं बोलली, माझी अब्रू जाऊ नये म्हणून. बाळ हलतंय, पण अंगाने फार लहान आहे. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. बायांनो, मला हवं ते बोला. पण कुणी असं काही दाखवलं तर आधी विचारा, की हेच दुसऱ्या पद्धतीने करून बघू का? खरं असेल तो चिडणार नाही."

बाबा कधीच मागच्या दाराकडे सरकले होते. गर्दीतून एक पोटुशी पुढे आली. तिचा थेंब गेल्याच बुधवारी बुडाला होता. शेजारी तिची सासू मान खाली घालून उभी होती.

"मावशी, मग माझं रक्त खरं किती आहे?"

"ते मला माहीत नाही, बाळा," मावशी म्हणाली. "या बरणीलाही माहीत नाही. चल, दवाखान्यात जाऊन मोजून घेऊ. आणि सासूबाई, तुम्हीही चला. डॉक्टरांनी विचारलं तर खरं तुम्हीच सांगा, तिला सांगायला लावू नका."