उजव्या दाराचा स्पीकर

सगुणाबाईंना गाडी चालवता येत नव्हती, पण चालू करता येत होती. गिअर मधोमध आहे ना ते हलवून बघायचं, डावा पाय पुरता दाबायचा आणि चावी फिरवायची. एवढी विद्या त्यांच्या लेकाने, ओंकारने, त्यांना एका दुपारी शिकवली होती. नवी गाडी घेतल्यावर जुनी त्याने गावी आणून पडवीशेजारच्या पत्र्याखाली लावली आणि ऐरोलीला परत जाताना बजावलं, "आई, दर रविवारी दहा वाजता पंधरा मिनिटं चालू ठेव. नाहीतर बॅटरी बसेल." आई विसरेल म्हणून रविवारी दहाला तो स्वतःच फोन करू लागला.

आई कसली विसरतेय! नऊ वाजल्यापासून बाई धुतलेलं पातळ नेसून, केसांना तेल लावून ड्रायव्हरच्या सीटवर हजर. बघायला कुणी नव्हतं. श्रीवर्धनच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत सतरा घरं, त्यातली अकरा कुलपात. समोरची रंगूसुद्धा शिमग्यानंतर लेकीकडे गेली ती गेलीच. आठवड्यात सगुणाबाईंशी बोलणारं माणूस म्हणजे पोस्टमन, तोही पत्र असलं तर. त्यामुळे बॅटरी गाडीची चार्ज होत होती की बाईंची, हे विचारू नये.

गाडीतच फोन घ्यायचं आणखी एक कारण होतं. बाईंचा डावा कान लहानपणीच फुटलेला आणि उजवाही आताशा मंदावलेला. मोबाइल कानाला लावला तर पलीकडून मुंगी बोलतेय असं वाटायचं. गाडी चालू केली की मात्र फोन आपोआप गाडीला जोडला जायचा आणि उजव्या दारातून ओंकारचा आवाज यायचा, मोठा, भरदार, गुडघ्याशी बसून बोलावं तसा. तीन-चार मिनिटं तो बोलायचा. उरलेली अकरा मिनिटं बाई इंजिनची घरघर ऐकत त्याच बोलण्याची उजळणी करायच्या.

मेअखेरीपासून त्या दाराला खोकला लागला. आधी नुसती खरखर, मग शब्दच फाटायला लागले. आषाढ लागेपर्यंत ओंकार काय बोलतो त्यातलं "आई" आणि "ठेवतो" एवढंच पोचायचं. मधल्या सगळ्याला बाई "व्हय, व्हय" म्हणायच्या. स्पीकर बिघडलाय हे त्यांनी लेकाला सांगितलं नाही. गाडीत काही बिघडलं म्हटलं की तो काढूनच टाकायला निघेल, ही त्यांची भीती. आणि गाडी गेली की बॅटरी गेली, बॅटरी गेली की रविवार गेला. हा हिशेब बाईंनी कुणाला बोलून दाखवला नव्हता, पण रात्रंदिवस तो त्यांच्या डोक्यात होता.

शेवटी त्या बाजाराच्या दिवशी श्रीवर्धनला गेल्या आणि एसटी स्टँडामागच्या कैसला गाठलं. कैस अकरा वर्षं आखातात गाड्यांत म्युझिक बसवून आलेला. बोलायला मऊ, पण आपल्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. रविवारी साडेआठला तो स्कूटरवरून आला.

गाडी चालू करून त्याने रेडिओ लावला आणि आवाज सगळा डाव्या दाराकडे वळवला. "बघा काकी, इथे एकदम साफ." मग उजवीकडे वळवला. खर्रर्र. "म्हणजे टेप ठीक हाय. बिमारी दारात हाय. काकी, सोपं सांगू? आवाज डावीकडेच ठेवतो. काम झालं, खर्चा न्हाय."

"त्या बाजूला मला कान न्हाय रे बाबा," बाई म्हणाल्या.

कैस ओशाळला आणि दाराचे स्क्रू काढू लागला. आतलं कव्हर उचकटून त्याने बाजूला ठेवलं, स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि खिशातून पेन्सिल सेल काढला. "चांगला स्पीकर सेल लावला की टप्प बोलतो. आता ह्याचं ऐका." सेलला जोडलेल्या दोन तारा त्याने टेकवल्या. स्पीकर टप्प काही बोलला नाही, नुसता घसा खरवडल्यासारखा कुरकुरला. कैसने तो काढून उलटा केला आणि बघतच राहिला. त्याचा कागदी पडदा भिजून, फुगून कडेने फाटलेला, मागचं लोखंड गंजलेलं, आणि त्या गंजावर जांभळट गुलाबी मिठाचे खडे.

"पावसाचं पाणी दारात जातं, काकी. त्याला खाली भोकं असतात, निघून जातं. हे पाणी वेगळं हाय." त्याने बोट लावून वास घेतला. "हे आगळ हाय काय?"

सगुणाबाईंचं तोंड एवढंसं झालं.

झालं होतं असं. मेमध्ये रातांबे फोडून सालं आगळात, म्हणजे त्यांच्याच खारवलेल्या रसात, घातली आणि नेमकं आभाळ भरून आलं. ओंकारला घरची आमसुलं लागतात, विकतची चालत नाहीत. बंद गाडी आत किती तापते हे बाईंना रविवारच्या अनुभवाने ठाऊक होतं. मग काय, अक्कल धावली! मागच्या सीटवर परात, पुढच्या सीटवर सूप, आणि उरलेली सालं फडक्यात बांधून त्या फडक्याचं टोक ड्रायव्हरच्या काचेत अडकवलेलं. चार दिवस रोज सालं आगळात बुडवायची आणि परत गाडीत. कोकणात गाडीचा असा उपयोग करणारी बाई विरळाच म्हणायची. फडक्यातलं मिठाचं आगळ काचेवरून ओघळत थेंब थेंब दारात उतरत होतं, हे तिला कुठून कळणार?

"लेकासाठी केली व्हती रे," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडूच आलं. लेकाच्या जिभेसाठी केलेल्या आमसुलांनी लेकाचाच आवाज खाल्ला होता. तक्रार करायची कुणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

"रडताय काय काकी! आमच्या बोटींची मशीनं पण मिठानंच जातात." कैसने नवा स्पीकर काढला, बसवायच्या आधी त्यालाही सेल लावला. टप्प. "ऐकलं? तंदुरुस्त." वायरी जोडून चिकटपट्टी गुंडाळली, स्क्रू आवळले, कव्हर बसवलं. बाईंनी त्याच्यापुढे आमसुलांची बरणी धरली तर हात जोडून म्हणाला, "नको, माझ्या स्कूटरला लागली तर!" खूप दिवसांनी बाई हसल्या.

तेवढ्यात दहा वाजले आणि फोन आला.

"आई, ऐकू येतंय?"

काय आवाज होता! स्वच्छ, दारात उभा राहून बोलल्यासारखा. बाईंनी हात छातीवर ठेवला. त्या 'व्हय' म्हणणार, तोवर ओंकार पुढे बोलू लागलासुद्धा. "तो गाडी घेणारा बुधवारी येतोय. दुसरी चावी नि कागद काढून ठेव. गणपतीला मी नवी गाडी आणणार, ती लावायला पत्र्याखाली जागा हवी ना? तू मागच्या रविवारी हो म्हणालीस म्हणून मी त्याला शब्द दिला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सात रविवार जे ऐकू आलं नव्हतं, ते बाईंनी माणूस आणून, दार खोलून, ऐकण्याची सोय करून घेतली होती.

"आई? ऐकलंस ना?"

बाईंनी कैसकडे पाहिलं. तो हात पुसत दाराशी उभा होता, त्यानेही प्रत्येक शब्द ऐकला होता.

"न्हाय रे," सगुणाबाई म्हणाल्या. "कायच ऐकू येत न्हाय. खरखर व्हतेय."

कैसचा चेहरा उतरला. नवा कोरा स्पीकर, टप्प बोललेला! त्याने बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग आत वाकून त्याने मोबाइल उचलला, आवाज गाडीवरून फोनवर घेतला आणि कानाला लावला. "सलाम भाई, मी गाडीच्या कामाला आलोय. स्पीकर बदलला पण नवा पीसच खराब निघाला. दुसरा मुंबईवरून मागवायला लागेल. दोन हप्ते धरा... होय, दार खोलावं लागेल, तोवर गाडी दाखवू नका कुणाला."

ओंकार चरफडला असावा, पण पंधरा दिवसांवर आला. फोन ठेवून कैस म्हणाला, "आजवर माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं न्हाय, काकी. आज मीच ठेवलं." आणि स्कूटरला किक मारून गेला. त्याच आठवड्यात बाईंनी आमसुलांची बरणी मुंबईला निघालेल्या एकाबरोबर ऐरोलीला धाडली.

दोन रविवार मिळाले होते. पहिल्याला बाई नेहमीसारख्या नऊलाच जाऊन बसल्या.

"आई, ऐकू येतंय?"

"न्हाय रे. खरखरतंय."

"गाडी चालू ठेव पंधरा मिनिटं," एवढं ओरडून ओंकारने फोन खाली ठेवला. बंद करायचा मात्र विसरला.

उजव्या दारातून ऐरोलीचं स्वयंपाकघर आत आलं. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, खुर्ची ओढल्याचा आवाज. सून जागृती कुणाला तरी पाय पुसून यायला सांगत होती. कुणाच्याही लक्षात न आलेल्या पाहुणीसारख्या बाई त्या घरात बसून राहिल्या. एवढा वेळ त्या लेकाच्या घरात कधी बसल्या नव्हत्या.

"आमटीत आईची आमसुलं घाल ना," ओंकार म्हणाला. "बरणी आलीय."

"किती घालू?"

"घाल पाच-सहा. आणि मीठ?"

"घालते ना."

यंदा ऊन नव्हतं. सालं नासू नयेत म्हणून बाईंनी मीठ दुप्पट घातलं होतं. दोन आमसुलं पुरे, आणि मीठ अगदी शेवटी, चव बघून. हे ओंकारला सांगायचं राहून गेलं होतं. शब्द पार दातांपर्यंत आले. बाईंनी पदराचा बोळा करून तोंडावर दाबला, कारण त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

मिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.